पाटी बदलल्याने शहर बदलते काय?

एखाद्या गावाची लोकसंख्या वाढली, पेठ फुलली, चार मोठी रुग्णालये व दोन महाविद्यालये झाली, की तेथील प्रतिष्ठित मंडळींच्या बोलण्यात एक मागणी हमखास डोकावू लागते. आमच्या नगरपालिकेची आता महापालिका झाली पाहिजे! निवेदने दिली जातात, शिष्टमंडळे मुंबईला जातात आणि अधिसूचना निघाली की फटाके वाजतात. या उत्साहात व्यापारी वर्ग अग्रभागी असतो. दुकान वाढवताना जागेचे भाडे, नोकरांचा पगार आणि येणारी उलाढाल यांचा आधी हिशेब मांडणारे आपण, गावाच्या बाबतीत मात्र तो हिशेब मांडत नाही, याचे मला नवल वाटते.

कायद्याच्या दृष्टीने हा दर्जा म्हणजे काय, ते प्रथम पाहू. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने मोठ्या नागरी क्षेत्रासाठी महानगरपालिका आणि लहान क्षेत्रासाठी नगरपरिषद अशी विभागणी केली. क्षेत्र ठरवताना लोकसंख्या व तिची घनता, शेतीबाहेरील रोजगाराचे प्रमाण, आर्थिक महत्त्व आणि स्थानिक कारभारासाठी मिळणारा महसूल या गोष्टी पाहाव्यात असे घटना सांगते. महाराष्ट्राच्या कायद्याने लोकसंख्येची मर्यादा तीन लाख ठेवली आहे. चर्चा होते ती सारी या तीन लाखांची. महसुलाचा निकष कोणी उच्चारत नाही, आणि खरे दुखणे तेथेच असते.

उदाहरण घ्यायचे तर इचलकरंजीचे घ्यावे. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांचा सूत, कापड आणि आडतीच्या निमित्ताने या गावाशी संबंध आहे. संस्थानिक घोरपडे यांच्या आश्रयाने 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग आणला. पुढे माग वाढले, सायझिंग आली, प्रोसेस आली, सहकारी सूतगिरण्या उभ्या राहिल्या आणि देशभरातून व्यापारी येथे खरेदीला येऊ लागले. महाराष्ट्राचे मँचेस्टर हा लौकिक नगरपालिकेच्या काळातच मिळाला. 2011 च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या सुमारे 2 लाख 87 हजार होती. 2022 मध्ये इचलकरंजी महानगरपालिका अस्तित्वात आली.

महापालिका झाली, पण सीमा मात्र नगरपालिकेचीच राहिली. कबनूर, चंदूर, कोरोची, तारदाळ ही गावे शहराला लागून आहेत. तेथे माग चालतात, गोदामे आहेत, कामगारांची वस्ती आहे. तरी ती हद्दीबाहेर आहेत. म्हणजे शहराच्या सोयींवर भार त्यांचाही पडतो, घरफाळा मात्र तेथील ग्रामपंचायतींकडे जमा होतो. जवळच्या कोल्हापूरचा अनुभव याहून जुना आहे. तेथे महापालिका झाली 1972 मध्ये. एवढ्या वर्षांत हद्दवाढीचे प्रस्ताव किती झाले आणि किती बारगळले, याची मोजदाद अवघड आहे. क्षेत्रफळ अजून 66.82 चौरस किलोमीटरच आहे. घाऊक कापडासाठी आपण ज्या गांधीनगरला जातो, ते शहराला खेटून असूनही हद्दीत नाही. गावकऱ्यांचा विरोध केवळ हट्टाचा आहे असे मी म्हणणार नाही. शहरात गेलो तर घरफाळा वाढेल, ग्रामपंचायत जाईल, शेतजमिनीवर आरक्षणे पडतील आणि रस्ता व गटार मात्र वीस वर्षांनी मिळेल, ही भीती त्यांनी शेजारी पाहूनच बाळगलेली आहे. कर एकदम न वाढवता टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण तेवढ्याने विश्वास बसत नाही.

आता पैशाकडे वळू. आपल्या वडीलधाऱ्यांना जकात नाके चांगलेच आठवत असतील. नगरपालिकांतील जकात 1999 मध्ये बंद झाली. महापालिकांत ती चालू राहिली, 2010 पासून टप्प्याटप्प्याने तिची जागा स्थानिक संस्था कराने घेतली, व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकाने बंद ठेवली, 2015 मध्ये पन्नास कोटींच्या आतील उलाढालीला त्यातून सूट मिळाली आणि 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला. त्या वेळी ज्या महापालिकांचे हे उत्पन्न बुडाले, त्यांना राज्य शासन दरमहा भरपाई देते आणि त्या रकमेत दरवर्षी वाढही होते. जुन्या महापालिकांचे पगार व दिवाबत्ती पुष्कळ अंशी या पैशावर चालतात. जीएसटीनंतर जन्मलेल्या महापालिकेचे असे बुडालेले उत्पन्नच नाही, त्यामुळे या सूत्रात तिला आपोआप जागा नाही. शासनाच्या दारी जाऊन ती मागावी लागते, आणि इचलकरंजीतून तशी मागणी झालेली आहे. पंधराव्या वित्त आयोगाचे अनुदान पाहिले, तर तेथे दहा लाखांवरील शहरे आणि बाकीची शहरे असा भेद आहे. नगरपालिकेची महापालिका झाल्याने त्या रांगेतील स्थान बदलत नाही. अमृत योजनेसाठीही महापालिका असण्याची अट नव्हती.

मग खर्च भागवायचा कोठून? घरफाळा, पाणीपट्टी आणि परवाना शुल्क यांतून. महापालिका अधिनियमाच्या कलम 376 नुसार विशिष्ट वस्तूंचा साठा करण्यास व विशिष्ट धंदे चालवण्यास आयुक्तांचा परवाना लागतो. हे कलम किती कडकपणे राबवायचे हे ज्या त्या ठिकाणच्या प्रशासनावर अवलंबून असते. ज्यांची गोदामे आहेत त्यांनी ते एकदा वाचून ठेवावे.

कारभाराची घडीही बदलते. नगराध्यक्ष आज थेट मतदारांच्या मतांवर निवडून येतो. महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, अडीच वर्षांसाठी, आणि कार्यकारी अधिकार आयुक्तांच्या हाती असतात. आयुक्त शासनाने नेमलेले. अनुभवी व कर्तव्यदक्ष अधिकारी लाभला तर शहराचे भाग्य उजळते, हे मान्य करायला हवे. नगररचना, आरोग्य व अभियांत्रिकी या विभागांना मोठा आकृतिबंध मिळतो, हाही लाभ खोटा नाही. परंतु इचलकरंजीकरांनी पहिली तीन वर्षे आणि वर काही महिने निवडलेल्या सभागृहाविना, प्रशासकांच्या राजवटीत काढली. पहिली निवडणूक झाली ती 2026 च्या जानेवारीत. तोवर नव्या महापालिकेचे कर व ठराव यांवर मत देणारा एकही लोकप्रतिनिधी त्या सभागृहात बसलेला नव्हता.

आणि पाणी? गावाशेजारून पंचगंगा वाहते, पण तिच्या प्रदूषणाचे वर्णन वेगळे करायला नको. 2012 मध्ये दूषित पाण्यामुळे या गावात काविळीची मोठी साथ आली आणि माणसे दगावली. कृष्णेचे पाणी मजरेवाडीहून आणले, त्याच्या जलवाहिनीची गळती हा रोजचा विषय झाला. वारणेचे पाणी दानोळीहून आणायचे ठरले, तेथील शेतकऱ्यांनी ठाम विरोध केला. मग दूधगंगेवर सुळकूडची योजना पुढे आली, तिलाही कागल भागातून तसाच विरोध झाला. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या घरातील गृहिणीला दाराबाहेरची संस्था नगरपालिका आहे की महापालिका, याने काय फरक पडतो? नदीकाठच्या गावांशी पाण्याचा तंटा सामोपचाराने मिटवणे हे काम अधिसूचनेने होणारे नाही. त्याला दोन्ही बाजूंना विश्वास वाटेल अशी माणसे लागतात, आणि अशी माणसे व्यापारात दोन्हीकडे संबंध राखून असलेल्या घरांतच पुष्कळदा सापडतात.

इचलकरंजीला हा दर्जा मिळायला नको होता, असे मला म्हणायचे नाही. पण हद्द, उत्पन्न आणि पाणी या तिन्हींचा बंदोबस्त न करता तो दिला गेला, आणि त्यामुळे आजवर त्याचा लाभ नागरिकापेक्षा कार्यालयालाच अधिक झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या गावांत अशी मागणी जोर धरत आहे, तेथील व्यापारी मंडळांनी निवेदनावर सही करण्यापूर्वी आपल्या नगरपालिकेचे मागील पाच वर्षांचे अर्थसंकल्प मागून घ्यावेत. स्वतःच्या करांतून किती आले, अनुदानातून किती आले, पगारावर किती गेले, हे तीन आकडे काढायला आपल्या घरातील हिशेबनीस मुलाला एक दुपार पुरेल. शेजारच्या कोणत्या ग्रामपंचायती हद्दीत यायला तयार आहेत, हे मात्र तेथे जाऊनच विचारावे लागेल.