पाणी ओसरल्यावर

जुलै उजाडला, मुठेच्या पाण्याला गढूळ रंग चढला, की नारायण पेठेतली जुनी माणसे अजूनही एकदा नदीकडे डोकावून येतात. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचेही फुटले आणि काठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. त्याला ६० वर्षे केव्हाच उलटली; पण पाणी कुठवर चढले होते असे विचारले, तर वडीलधाऱ्यांचा हात आपसूक भिंतीवर नेमक्या उंचीला जाऊन थांबतो.

त्या दिवशी आपण गेलेल्या माणसांचे स्मरण करतो. पुराने नेलेल्या वाड्यांचेही करायला हवे, कारण त्यांच्याविषयी आपण एक घाईचा निवाडा देऊन मोकळे झालो आहोत. मातीचे होते, कच्चे होते, म्हणून पडले! खरे तर पांढरीच्या मातीची जाड भिंत गिलाव्याच्या आणि वळचणीच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या पावसाळे काढते. तिला मानवत नाही ते पायाशी साचून राहिलेले पाणी. ते आत मुरले की माती आपला भार विसरते. म्हणजे दोष मातीचा म्हणावा, तर अमुक पाण्याचा, अमुक उंचीचा, अमुक वेळेचा असे नेमके म्हणावे लागेल. आणि तसे म्हणायला लागलो की आपण हळहळ सोडून शास्त्राच्या अंगणात आलेलो असतो.

हाच निवाडा ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपानंतर पुन्हा दिला गेला. दगड-मातीच्या भिंती आणि डोईवरचे मातीचे जड माळवद यांनी हजारो जीव घेतले, हे सत्य कुणी नाकारू नये. पण ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांब-तुळयांच्या खणांनी पेलला होता, तिथे कित्येक ठिकाणी भिंत बाहेर कोसळली आणि सांगाडा उभा राहिला, हेही त्याच ढिगाऱ्यात लिहिलेले होते. वाचायला मात्र वाचणारा हवा.

असे वाचणारे घडवणे हे अध्यापकाचे काम. इमारती, पूल, कालवे बांधायला हाताखालची माणसे हवीत म्हणून १८५४ च्या जुलैत पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. आजच्या सीओईपीचे ते मूळ. तेव्हापासून या शहराने देशाला बांधणारे पुष्कळ दिले. बांधलेले राखणारे मात्र मोजकेच. डेक्कन कॉलेजचे म. श्री. माटे यांचा मराठा वास्तुकलेवरचा इंग्रजी ग्रंथ पुणे विद्यापीठाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला आणि दोनच वर्षांनी, त्या ग्रंथाने जिच्याकडे पाहायला शिकवले त्या परंपरेतली कितीतरी घरे चिखलात बसली. वास्तूचा इतिहास लिहिणारा, तिचे वजन-ताण मोजणारा आणि चुना मळणारा ही तीन माणसे एका वर्गात क्वचितच भेटतात. खरी अडचण तिथे आहे.

वारसावास्तूंच्या संरक्षणासाठी झटणाऱ्या इकोमॉस या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००३ मध्ये जी तत्त्वे स्वीकारली, त्यांत वास्तूकडे रोग्यासारखे पाहायला सांगितले आहे: आधी पूर्ववृत्त, मग निदान, मग उपचार. आपल्याकडे बहुधा उपचारच आधी होतो, आणि तोही सिमेंटचा. दमट भिंतीला चुना श्वास घेऊ देतो; सिमेंट तिचे तोंड दाबते, ओल आतच कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत पोपडे सुटतात. अशा भिंतीवर बोटांची पेरे वाजवून पाहावीत: धरलेला गिलावा खणखणीत बोलतो, सुटलेला बद्द. हा फरक विद्यार्थ्याच्या कानाला कळेपर्यंत त्याला भिंतीपाशीच उभे ठेवावे लागते. तळखड्यावर टेकलेल्या सागवानी खांबाचा बुंधा कुजला आहे की नुसता काळवंडला आहे, हेही हातानेच कळते. अशी भिंतीपाशी घालवलेली वर्षे शोधनिबंधांच्या मोजदादीत भरत नाहीत, म्हणून हुशार मुले या वाटेने वळत नाहीत. त्यांना दोष तरी काय द्यावा?

पुराच्या स्मरणदिनाच्या सुमारासच गुरुपौर्णिमाही येते. आपण शिक्षकांना वंदन करतो; पण चुन्यात गूळ-बेलफळ किती आणि केव्हा घालायचे हे हातालाच ठाऊक असलेल्या गवंड्यापुढे किती विद्यार्थी वही घेऊन बसतात? त्यांना तिथे नेऊन बसवणारा प्राध्यापक हा या विषयाचा खरा आचार्य, आणि तो स्वतःही त्याच गवंड्याचा शिष्य.

पेठेतला प्रत्येक वाडा राहील असे आपण म्हणू शकत नाही. भाऊबंदकी आहे, भाडेकरू आहेत, म्हातारपणी जिने चढवत नाहीत. करार होतात आणि वाडा जातो. पण करारावर सही झाल्यावरही हातात थोडे दिवस असतात. तेवढ्या दिवसांपुरते जवळच्या वास्तुकला किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाला कळवा. मुलांना फीत घेऊन आत येऊ द्या, कडीपाट मोजू द्या, भिंतीतली मूठभर माती नेऊ द्या. त्यानंतर हातोडा चालवा.