सन्मान दानाचा की कर्तव्याचा?

मुंबईतील जुन्या सार्वजनिक वास्तू दात्यांची नावे आजही मिरवीत आहेत. सर जमशेदजी जीजीभाई यांच्या देणगीमुळे १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय सुरू झाले. प्रेमचंद रायचंद यांनी विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी पैसा दिला. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या त्या मनोऱ्याला स्वत:चे नव्हे, तर आई राजाबाईंचे नाव लाभले. या दानामागे कायद्याची सक्ती नव्हती.

आज चित्र बदलले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आर्थिक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी राखावी लागते. २०२१ पासून या तरतुदीच्या उल्लंघनासाठी दंडही आहे. त्यामुळे समाजकार्याकडे मोठा निधी वळला, हे मान्यच करावे लागेल. मात्र, भागधारकांच्या नफ्यातून होणारा हा बंधनकारक खर्च म्हणजे कर्तव्यपालन होय. त्याला दातृत्वाची बिरुदावली चिकटवणे योग्य नव्हे.

याउलट, अझीम प्रेमजी यांनी मार्च २०१९ मध्ये विप्रोतील आणखी ३४ टक्के समभागांचे आर्थिक लाभ लोककार्यासाठी बहाल केले. तेव्हा त्यांच्या एकूण दानाचे मूल्य सुमारे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांवर पोहोचले. ही त्यांची स्वत:ची संपत्ती होती.

दात्यांचा गौरव जरूर व्हावा. त्यातून इतरांना प्रेरणा मिळते. परंतु नामफलक लावण्यापूर्वी देणाऱ्याने स्वत:चे काय दिले, एवढे तरी संस्थांनी पाहायला हवे. त्या कसोटीवर निवृत्तिवेतनातून शाळेला मदत करणारा सामान्य माणूसही मोठा दाता ठरेल.