निनावी मताचे मोल

जमिनीवर झोपलेला शेतमजूर पहाटे पोटदुखीने उठतो. पापण्या जड झालेल्या, अंगावर सूज मात्र कुठेच नाही. निवासी डॉक्टरांच्या वर्गात हा रुग्ण मांडून ‘निदान काय?’ असे विचारले, तर बहुधा शांतता पसरते. समोर विभागप्रमुख बसलेले असतात आणि पुढे परीक्षेतही त्यांच्याशीच गाठ असते.

हाच प्रश्न चार पर्यायांसह पडद्यावर दाखवून मोबाइलवरून निनावी मत घेतले, तर किती जणांना मण्यारीचा दंश सुचलाच नाही ते क्षणात कळते. या दंशाची खूण अनेकदा सापडत नाही, हे मग नेमके समजावता येते. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवलेल्या पद्धतीचा गाभा हाच आहे : आधी मत, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा मत.

प्रशासनाला यात वेगळाच मोह पडतो. यंत्रे खरेदी झाली की योजना पूर्ण झाली असे आपण मानतो. पुढे त्याच उत्तरांवरून हजेरी आणि गुण मोजू लागतो. मत नावासह नोंदले जाऊ लागले, की प्रत्येकजण शेजाऱ्याचेच उत्तर निवडेल. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयांनी एक नियम लेखी करावा : वर्गातील मत मूल्यमापनासाठी वापरले जाणार नाही. अज्ञान वर्गात उघडे पडले तर दहा मिनिटे खर्ची पडतात. रात्रपाळीत उघडे पडले, तर प्रतिविष देण्याची वेळ टळून गेलेली असू शकते.