प्रेक्षकांचे मत : मोजण्याचे की वाचण्याचे?

चावट विनोदाच्या चित्रपटाबद्दल दोन माणसांचे एकमत होणे कठीण असते. ज्या प्रसंगाने एकाला हसू आवरत नाही, त्याच प्रसंगाने दुसरा ओशाळतो. किंबहुना एकच माणूस तोच चित्रपट मित्रांच्या मेळाव्यात पाहील आणि वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून पाहील, तर त्याचे स्वतःचेच मत दोन्ही वेळा सारखे राहील याची शाश्वती नाही. चित्रपट केवळ चित्रपटगृहात दाखवला जात होता तोवर हा मतभेद गप्पांपुरता होता. तो घरातल्या पडद्यावर आला तेव्हापासून मात्र अनोळखी प्रेक्षकांच्या मतावर विसंबून कुटुंबे निर्णय घेऊ लागली. म्हणूनच हे मत कसे वाचावे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका क्षुल्लक नाही.

अमेरिकेतील अनुभव या बाबतीत बोलका आहे. तेथील चित्रपट उद्योगाने १९६८ साली स्वतःहून वर्गवारीची पद्धत सुरू केली. तिला कायद्याची सक्ती नव्हती. तिचा अंमल होत असे तो चित्रपटगृहाच्या दाराशी. 'आर' वर्गातील चित्रपटाला १७ वर्षांखालील मुलाने पालकाला किंवा अन्य प्रौढ व्यक्तीला सोबत घेऊन यावे, असा नियम होता आणि तो पाळला जाणे तिकीट तपासणाऱ्या माणसावर अवलंबून होते. पुढे १९८४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने घरगुती ध्वनिचित्रमुद्रणाला मान्यता दिली, व्हिडिओ कॅसेट घरोघर पोचली आणि १९९७ पासून तिची जागा हळूहळू डीव्हीडीने घेतली. घराच्या दाराशी तिकीट तपासणारा कोणीच नव्हता.

या पार्श्वभूमीवर २००५ सालचा 'द फॉर्टी-इयर-ओल्ड व्हर्जिन' हा चित्रपट पाहण्यासारखा आहे. जड अपॅटो या दिग्दर्शकाचा हा पहिला चित्रपट. विजेच्या उपकरणांच्या दुकानात नोकरी करणारा, खेळण्यांचा संग्रह जपणारा, चाळिशीला आलेला एक संकोची ब्रह्मचारी हा त्याचा नायक असून ती भूमिका स्टीव्ह कॅरेल यांनी केली आहे. सहकाऱ्यांना त्याचे गुपित कळते आणि ते त्याला 'मार्गी लावण्याचा' चंग बांधतात. त्यातून उद्भवणारा विनोद अत्यंत उघडा आहे. भाषा तर शिवराळच आहे. तथापि त्याच कथेत नायकाची एका प्रौढ, मुलाबाळांच्या आईशी गाठ पडते, दोघे २० भेटी होईपर्यंत संयम पाळण्याचे ठरवतात आणि कथेचा शेवट विवाहाने होतो. वरून चावट आणि आतून जवळजवळ सोवळा असा हा प्रकार आहे.

चित्रपटगृहात तो ११६ मिनिटांचा होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डीव्हीडी निघाली, तेव्हा तीत १३३ मिनिटांची आवृत्ती आली आणि 'अनरेटेड', म्हणजे वर्गवारी न झालेली, अशी तिची जाहिरात झाली. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले होते की, मालाचा खरा दर्जा विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात असेल, तर बाजार बिघडतो. तो सावरण्यासाठी हमी, नाममुद्रा, प्रमाणपत्र अशा साधनांची गरज पडते. या तर्काने प्रमाणपत्र नसलेल्या मालाकडे ग्राहकाने पाठ फिरवावयास हवी. येथे नेमके उलट घडले. प्रमाणपत्राचा अभाव हेच आमिष झाले. वस्तुतः त्या शब्दाचा अर्थ एवढाच होता की, ही आवृत्ती मंडळापुढे ठेवण्यात आली नव्हती. वाढीव १७ मिनिटांत भडकपणा किती आणि निव्वळ लांबण किती, हे त्या शब्दावरून कळण्याची सोय नव्हती.

मग कळावे कोणाकडून? ज्यांनी तो आधी पाहिला त्यांच्याकडून. चित्रपट हा अनुभवल्याशिवाय न कळणारा माल आहे. त्यामुळे त्याच्या बाजारात आधीच्या ग्राहकाचे मत हीच पुढच्याची माहिती ठरते. या चित्रपटाविषयीच्या मतांत तीन सूर ऐकू येतात. एक, हा प्रकार असभ्य असून घरात आणण्याजोगा नाही. दोन, असभ्यपणाच्या आड अनपेक्षित माणुसकी आहे. तीन, विनोद चांगला, पण चित्रपट फार लांबला. वरवर पाहता ही मते एकमेकांस छेद देतात. बारकाईने पाहिले तर ती तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत : भाषा कशी आहे, कथेचा हेतू काय आहे आणि बांधणी कशी आहे. तिन्ही उत्तरे एकाच वेळी खरी असू शकतात.

यात पाहण्याच्या जागेचाही भाग आहे. भरलेल्या सभागृहात हशा संसर्गासारखा पसरतो. शेजारच्याच्या हसण्याने आपल्या संकोचाला परवाना मिळतो, आणि हशा ओसरेपर्यंत पडद्यावरील रेंगाळणे खपून जाते. दिवाणखान्यात एकटे बसले की तेच रेंगाळणे जाणवते आणि कुटुंबासह बसले की तोच विनोद अंगावर येतो. घरी पाहणाऱ्याने दिलेले मत त्यामुळे केवळ चित्रपटाविषयीचे नसते. ते त्या खोलीविषयीचेही असते. ती खोली कोणती होती, हे मत देणारा सांगत नाही तोवर त्याच्या निवाड्याचा इतरांना फारसा उपयोग नाही.

नेमका हाच तपशील सरासरीत नाहीसा होतो. समजा, १०० प्रेक्षकांपैकी ५० जणांनी एका चित्रपटाला पाच तारे दिले आणि ५० जणांनी एक. सरासरी तीन. दुसऱ्या चित्रपटाला शंभरही जणांनी तीन तारे दिले. सरासरी तीनच. पहिला चित्रपट वादळी, दुसरा मिळमिळीत. आकडा मात्र दोघांना एकाच रांगेत बसवतो. चावट विनोदाचा चित्रपट स्वभावतःच पहिल्या जातीचा. घरपोच डीव्हीडी पुरवण्यापासून धंद्यास आरंभ केलेल्या नेटफ्लिक्सने प्रेक्षकांच्या पसंतीचे भाकीत १० टक्के अधिक अचूक करणाऱ्यास २००६ साली १० लाख डॉलरांचे बक्षीस जाहीर केले आणि ते २००९ साली देण्यात आले. पुढे २०१७ साली त्याच कंपनीने ताऱ्यांची पद्धत मोडून अंगठा वर की खाली एवढाच पर्याय ठेवला. तिच्या दृष्टीने हा व्यवहार सोयीचा असेल; पण प्रेक्षकाच्या बोलण्यातील 'का' आणि 'कोणासाठी' हे शब्द त्यात पुसले गेले.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, मते पुष्कळ असली म्हणजे व्यक्तिगत आवडीनिवडी एकमेकींना छेदून सत्य उरते. प्रेशर कुकरच्या बाबतीत हे खरे आहे, कारण कुकरकडून सर्वांची अपेक्षा एकच असते. विनोदाच्या बाबतीत अपेक्षाच भिन्न असल्याने छेदून उरते ते शून्य. दुसरा आक्षेप असा की, सविस्तर मते वाचण्यास कोणाला वेळ आहे? परंतु घरातील एका संध्याकाळचे दोन तास जेथे खर्ची पडायचे आहेत, तेथे पाच मिनिटांचे वाचन महाग म्हणता येत नाही.

भारतातही हा प्रश्न आता परका राहिलेला नाही. २०२१ च्या नियमांनी इंटरनेटवरून घरी चित्रपट पुरवणाऱ्यांवर स्वतःच वयानुसार वर्गवारी करण्याचे आणि आशयाचे स्वरूप कळवण्याचे बंधन घातले. १३ वर्षांवरील व त्यापुढच्या वर्गांसाठी पालकांना कुलूप घालण्याची सोय ठेवण्यास सांगितले. हे आवश्यकच होते. पण वर्गवारी करतो तो विक्रेताच, आणि 'लैंगिक संदर्भ' एवढ्या दोन शब्दांवरून थट्टा निर्मळ आहे की स्त्रीची अवहेलना करणारी, हे समजत नाही. ती उणीव भरून काढण्याचे काम पाहणाऱ्याचेच आहे.

तेव्हा मत देणाऱ्याने 'भिकार' किंवा 'अप्रतिम' म्हणून मोकळे होण्याऐवजी आपण काय पाहिले, कोणासोबत पाहिले आणि कोठे अवघडलो, हे चार वाक्यांत सांगावे. वाचणाऱ्याने आकड्यावरून नजर उचलून ती चार वाक्ये शोधावीत. कात्री चालवणाऱ्या मंडळावर आणि भडक वेष्टन छापणाऱ्या विक्रेत्यावर टीका करण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहेच. पण शेजाऱ्याला खरी माहिती देण्याचे लहानसे कर्तव्य त्याने पार पाडले, तर तो अधिकार अधिक शोभून दिसेल.