दोन महिन्यांची फ्रेंच

परीक्षा आटोपल्या की आमच्या शुक्रवार पेठेत पूर्वी मामाच्या गावाला जाण्याच्या गोष्टी निघत. अलीकडे एखाद्या घरी फ्रान्सला जाण्याच्या निघतात. उन्हाळ्याचे सहा-आठ आठवडे तेथील भाषाशाळेत काढायचे, एखाद्या फ्रेंच कुटुंबात राहायचे आणि भाषा 'पक्की' करून परतायचे, अशी ती योजना असते. मध्यंतरी एका परिचितांनी मुलीला असे पाठविण्यासाठी घरातले सोने गहाण टाकण्याचा बेत केला आणि माझे मत विचारले. त्यांना जे तुटक तुटक सांगितले तेच येथे जरा सविस्तर मांडतो.

आपल्याकडे फ्रेंच बहुधा गुणांसाठी घेतली जाते. मराठीत निबंध लिहा, रसग्रहण करा आणि साठ गुणांवर समाधान माना. फ्रेंचमध्ये गाळलेल्या जागा भरा आणि नव्वदी गाठा, असा हा सरळ सौदा आहे. (आमच्या मराठी विभागातील परीक्षकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.) अशा विद्यार्थ्याला क्रियापदांची रूपे मुखोद्गत असतात, पण समोरच्या माणसाने तोंड उघडले की काही उमगत नाही. 'मला ठाऊक नाही' यासाठी पुस्तकात 'ज न से पा' असे चार शब्द दिलेले असतात. रस्त्यावरचा माणूस 'शे पा' म्हणून मोकळा होतो. संख्यांचा प्रकार तर विलक्षणच. ऐंशीला फ्रेंच माणूस 'चार विसा' म्हणतो आणि सत्त्याण्णवला 'चार-वीस-दहा-सात'! विसांनी मोजणारी आजी ज्यांनी पाहिली आहे त्यांना यात हसण्यासारखे काही वाटणार नाही. परंतु दुकानदाराने एका दमात किंमत सांगितली तर तिची बेरीज मनात करीत बसायला वेळ नसतो; ती कानालाच कळावी लागते. 'तू' आणि 'तुम्ही' हा भेद आपल्याला जन्मापासून माहीत आहे, त्यामुळे इंग्रजापेक्षा आपले काम सोपे. तरीही दोन अनोळखी विद्यार्थी पहिल्याच भेटीत एकमेकांना 'तू' म्हणतात आणि पाववाल्याला मात्र 'तुम्ही'च म्हणायचे असते, हे चारचौघांत वावरल्यावाचून अंगवळणी पडत नाही. तेव्हा परदेशी जाणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही.

माझे म्हणणे निराळे आहे. त्या देशात राहिले की भाषा आपोआप येते, या समजुतीवर माझा विश्वास नाही. कॅनडात माँट्रियलजवळ सेंट लॅम्बर्ट येथे इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी आग्रह धरून १९६५ साली बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकविणारा वर्ग सुरू करविला. तो प्रयोग पुढे देशभर पसरला आणि अभ्यासकांनी तो बारकाईने तपासला. ऐकून व वाचून समजण्यात ही मुले जवळजवळ फ्रेंच मुलांच्या बरोबरीला आली, परंतु वर्षानुवर्षे शिकूनही त्यांच्या बोलण्यातल्या आणि लिहिण्यातल्या ठरावीक चुका गेल्या नाहीत. याची कारणे अनेक सांगितली जातात. मला पटते ते असे, की त्यांना ऐकावे पुष्कळ लागे, बोलावे थोडे. आणि बोलायचे ते शिक्षकांशी नाहीतर आपसांत, म्हणजे चूक सांभाळून घेणाऱ्यांशीच.

जेथे वर्षांनी हे साधले नाही तेथे आठ आठवडे काय करणार? आणि ते आठ आठवडे तरी कसे जातात? वर्गात स्पेन, जपान, ब्राझील येथून आलेली मुले. मधल्या सुट्टीत सर्वांची भाषा इंग्रजी. खोलीत सोबतीला दुसरी भारतीय मुलगी. रोज रात्री आईशी फोनवर तासभर मराठी. पॅरिसमध्ये तर आपण अडखळलो की समोरचा कारकून दया येऊन इंग्रजीवर येतो. त्याची ही दयाच विद्यार्थ्याला सर्वांत महाग पडते. याउलट, अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात मिडलबरी कॉलेजाच्या उन्हाळी शाळेत गेली शंभर वर्षे परदेशी भाषा शिकविल्या जात आहेत. शिकण्यासाठी आलेली भाषा सोडून दुसरी बोलणार नाही, अशी लेखी शपथ तेथे घ्यावी लागते. फ्रान्स हजारो मैल दूर, पण फ्रेंच चोवीस तास!

म्हणून त्या परिचितांना मी सोने गहाण टाकू नका असेच सांगितले. मुलीने आधी येथेच तासभर अडत अडत का होईना बोलता येण्याइतकी तयारी करावी, पदवी घ्यावी आणि मग काही काम अंगावर घेऊन जावे. फ्रान्समधील शाळांत भाषाशिक्षणाला साहाय्य करण्यासाठी परदेशी तरुणांना काही महिने मानधनावर नेमण्याची तेथील सरकारची योजना आहे. तीत भारतीयांनाही वाव आहे. पाहुणीचे चुकलेले वाक्य यजमानीणबाई हसून सोडून देतील. वर्गातली तीस पोरे सोडणार नाहीत.

अंगावर पडलेल्या कामाने भाषा कशी येते याचा दाखला शोधायला सोलापूरकराला लांब जायला नको. भैय्या चौकातील डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घराचे स्मारक आपण सर्वांनी पाहिले आहे. निदान त्यावरून गेलो तरी आहोत. १९१० साली जन्मलेला हा सोलापूरचा मुलगा मुंबईत डॉक्टर झाला आणि १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेला.  समोर जखमी सैनिक होते, बहुतेक शेतकऱ्यांची मुले. कुठे दुखते हे त्यांना चिनीतच विचारावे लागे. कोटणीस ती भाषा बोलायला शिकले, वाचायला-लिहायला शिकले, तीत विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि शस्त्रक्रियेवरचे एक पाठ्यपुस्तकही त्यांनी लिहावयास घेतले. को छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. मुलाच्या 'यिनह्वा' या नावात 'यिन' म्हणजे भारत आणि 'ह्वा' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे त्यांचा त्याग घरोघरी पोचला. पण त्यांच्या चिनीबद्दल आपल्याकडे फारसे कोणी बोलत नाही. भाषा आली नसती तर त्यांच्या हातून यातले किती घडले असते?

आता आपल्या गावाकडे पाहू. आपले ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. त्यांची वचने कानडीत आहेत. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागे चालणाऱ्या आम्हा मराठी मंडळींपैकी किती जणांना त्यातले एक तरी समजते? पूर्व भागात तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या पिढ्यान् पिढ्या नांदल्या. सोलापुरी चादर त्यांच्या हातांनी नावारूपाला आली. ती माणसे आमच्याशी मराठी बोलतात, कानडी शेजारी बोलतात, आणि आम्ही 'काय करायलास बे?' म्हणून त्यांच्या हेलाची थट्टा करतो. त्यांच्या भाषेत 'जेवलास का' एवढेही विचारता येत नाही याची लाज मात्र आम्हाला वाटत नाही. कारण उघड आहे. तेलुगूचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून कोणाचे लग्न जुळत नाही.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न असता तर मी एवढे लिहिले नसते. जन्मभर बिड्या वळलेली एखादी म्हातारी छाती दुखते म्हणून दवाखान्यात येते. डॉक्टर मराठीत विचारतो, ती तेलुगूत सांगते, आणि मधे आठ-दहा वर्षांचा नातू दुभाषा असतो. आजीला काय होते आहे हे त्या पोराला जेवढे कळेल तेवढेच डॉक्टरच्या कागदावर उतरते. लघवीचा त्रास तर ती नातवापुढे सांगतच नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी कोणत्या तरी खेड्यात भरते. यंदा ते पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत भरवावे अशी माझी सूचना आहे. नियम व्हरमाँटचाच असावा : सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तेलुगू, आणि फोन गठ्ठ्याने प्राध्यापकांच्या ताब्यात. काम म्हणून घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांच्या औषधपाण्याची माहिती तेलुगूत लिहून आणावी आणि ती तपासण्याचे काम आपल्याच तेलुगू विद्यार्थ्यांकडे द्यावे. तेवढे सात दिवस ते गुरुजी. ज्यांना यायचे असेल त्यांची नावे मी लिहून घेण्यास तयार आहे. फ्रेंचचे विद्यार्थी आले तर अधिकच बरे.