घाटातली आणि ट्रॅकवरची शर्यत

परतवाड्याहून धारणीकडे जाताना सेमाडोहच्या वाटेवर घाटाची वळणं लागतात. सुटीच्या दिवशी पोरं तिथं बाईक झुकवून मोबाईलवर शूटिंग करतात आणि घरी सांगतात, "अम्मी, मला रेसर व्हायचंय."

स्वप्न खोटं नाही. केरळच्या मलप्पुरमचा मोहसिन परांबन आणि पुण्याचा सार्थक चव्हाण होंडाच्या टॅलेंट कपमधून पुढे आले. मोहसिन तर आशियाई शर्यतींपर्यंत पोचला. पण अशी निवड घाटातल्या व्हिडिओवरून होत नाही. आधी ट्रॅकवरचं प्रशिक्षण, मग 'एफएमएससीआय' या महासंघाचा परवाना, मग नवशिक्यांची शर्यत. तिथं सगळ्यांना एकाच मॉडेलची गाडी, त्यामुळे फरक दिसतो तो चालवणाऱ्याचा. कंपन्यांचं लक्ष जातं ते तिथंच.

अडचण खर्चाची. मोठे ट्रॅक चेन्नई, कोइमतूर, ग्रेटर नोएडाला. वऱ्हाडातून जाणं-येणंच जड. शिवाय लेदरचा सूट, चांगलं हेल्मेट. घरानं बसून हिशेब करावा, असाच हा मामला.

ट्रॅकवर पडलेल्यासाठी रुग्णवाहिका उभी असते आणि समोरून एसटी येत नाही. सेमाडोहच्या वळणावर ती येते, कधी सांबरही. किल्ली मागणाऱ्या मुलाला अब्बांनी आधी परवान्याचं विचारावं. खरंच रेसर व्हायचं असेल, तर त्यानं ती चौकशी केलेली असेल.