वार पडेपर्यंतची मिनिटे

मूल जन्मले की घरात आनंद होतो. परंतु आईवरचे संकट अद्याप टळलेले नसते. वार पडल्यावर गर्भाशय आकसले नाही, तर रक्तस्राव थांबत नाही आणि काही तासांत आई दगावते. उपाय ज्ञात आहे व स्वस्तही: जन्मानंतर मिनिटभरात ऑक्सिटोसिनचे १० युनिटांचे इंजेक्शन. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली हाच उपाय मुख्य मानला. नाळ १ ते ३ मिनिटांनी बांधावी, ती ओढून वार काढण्याचे काम प्रशिक्षित हातांनीच करावे, असेही सांगितले.

नाळ तत्काळ बांधण्याची जुनी शिकवण त्यामुळे मागे पडली. पण उपकेंद्रातील परिचारिकेला नवी कोणी द्यायची? ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवावे लागते. जेथे वीजच भरवशाची नाही, तेथे तिचे ज्ञान तरी काय करणार? आई दगावली की दोष मात्र कंत्राटी परिचारिकेच्या माथी!

हा व्यक्तीच्या अज्ञानाचा नव्हे, राज्यकर्त्यांच्या धोरणाचा प्रश्न आहे. कायम नेमणूक, पगारासह नियमित प्रशिक्षण व अखंड शीतसाखळी या केवळ परिचारिकांच्या मागण्या नव्हेत. श्रमिक मातांच्या प्राणांसाठी कामगार चळवळीने त्या आपल्या मानून लढविल्या पाहिजेत.